वाट्यातला केंड

माझ्या मैत्रिणीच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी कोलंबी साफ करत होते. हात बरबटलेले होते म्हणून नातीला म्हटलं, फोन जरा माझ्या कानाला धर. ती नाक मुरडून, अंग चोरून, लांबूनच हात पुढे करून उभी राहिली.

"खाला, शुक्रवारी तुम्ही आणि अम्मी मासे धरायला जाताय ना?"

"उन्हाळा सरला की दरवर्षी जातो. यंदा काय नवीन आहे?"

"गाडी अम्मीच चालवणार."

"मग काय मी चालवू?"

तो हसला नाही. त्याचं निझवाला दुकान आहे. आठवडाभर तो तिकडे, आणि आई बरक्याला, सून-नातवंडांजवळ. त्याने सांगितलं, गेल्या महिन्यात अम्मीने गाडी घराच्या फाटकाला घासली आणि फाटक वाकडं बसवलंय म्हणून वेल्डरला फोन करून शिव्या दिल्या. फाटक बसवून बारा वर्षं झाली आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल म्हटलं की ती उठून नमाजाला जाते. तो शेजारी बसणार असला की ती गाडी चालवतच नाही. किल्ली त्याच्या हातात ठेवते आणि म्हणते, धडधाकट मुलगा असताना आईने का चालवावी?

"तुम्ही दोन दिवस तिच्या शेजारी बसणार आहात, खाला. बघा, आणि शनिवारी मला खरं काय ते सांगा. नीट चालवत असेल तर गाडी राहू दे तिच्याकडे. नसेल तर गिऱ्हाईक आलेलं आहे, देऊन टाकतो."

"एवढी शंका आहे तर जाऊ कशाला देतोस?"

"तुम्ही थांबवून बघा तिला."

ते बरोबर होतं. तिला थांबवणं मला जमलं नसतं, त्याला तर नाहीच. तरी मला मध्ये घालू नको, असं मी त्याला सांगू शकले असते. सांगितलं नाही. बघते, म्हटलं आणि नातीला फोन घेऊन जायला सांगितलं. त्या गाडीत माझंही काही अडकलेलं होतं.

मी इकडे आखातात, कुरुमला मुलाकडे राहते. आधी वीस वर्षं एका अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, घरी स्वयंपाक केला. आता मुलगा म्हणतो, आई, आराम कर. आराम म्हणजे चौथ्या मजल्यावर बसायचं आणि समोरच्या ऑफिसांच्या काचा बघायच्या. मुलगा-सून कामावर जातात, मुलं शाळेत. मुलं घरी आली की आपसात इंग्रजी बोलतात. मला काही सांगायचं असलं तर आधी थांबून मराठी शब्द शोधतात, आणि नाही सापडला की "नथिंग, आजी" म्हणून निघून जातात. दर शुक्रवारी सकाळी माझी ही मैत्रीण बरक्याहून गाडी घेऊन येई, मला घेई आणि परत बरक्याच्या मासळीबाजारात नेई. दुपारी पुन्हा आणून सोडी. एवढा हेलपाटा कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणे, पेट्रोल तुझ्या बापाचं आहे काय? त्या चार तासांत मी आठवड्याचं बोलून घेई. बोलून म्हणजे भांडून.

ती रायगडच्या किनाऱ्यावरची मुसलमान, मी रत्नागिरीच्या खालची, खारव्याच्या घरातली. दोघींचे बाप समुद्रावर पोट भरणारे. तिच्या नवऱ्याचं बरक्याला शिलाईचं दुकान होतं. तो गेला तेव्हा ती पन्नाशीला आली होती. इद्दतीचे चार महिने घरात काढून झाले आणि ती गाडी शिकायला गेली. चार वेळा नापास झाली. पाचव्या वेळी परीक्षा घेणाऱ्या पोलिसाला म्हणाली, "आज नापास केलंस तर पुढच्या महिन्यात परत मीच येणार आहे. तुझं तू बघ." त्याने पास केलं. मग दहा वर्षं तिने आजूबाजूच्यांची मुलं शाळेत नेली-आणली. माझी चौथी झालेली आहे, तिची तीही नाही. पण रस्त्यावरच्या पाट्या ती मला वाचून दाखवायची, जणू मीच अडाणी.

शुक्रवारी मी सामान घेऊन खाली उभी होते. तिची पांढरी गाडी आली, माझ्यासमोरून गेली आणि शेजारच्या इमारतीपुढे थांबली. तिथे कोणाच्या तरी घरची मोलकरीण कचऱ्याची पिशवी घेऊन उभी होती. तिचा झगा निळा, माझी साडी निळी. गाडीचं दार उघडलं आणि आतून हिचा आवाज आला, "बस गो लवकर, काय पाहुणी आहेस काय?" ती मोलकरीण श्रीलंकेची. ती गाडीकडे बघतच राहिली.

मी दोन पिशव्या आणि बर्फाचा डबा ओढत तिथपर्यंत गेले.

"ती काय माझ्यासारखी दिसते?"

"तू इथे का उभी नव्हतीस?"

"मी माझ्या दारात उभी होते. चौदा वर्षं त्याच दारात उभी राहते."

"मग हात करायचा. तोंड आहे, हात नाहीत?"

मी बसले. तिच्या मुलाला सांगण्यासारखी ती पहिली गोष्ट होती, आणि मी ती बाजूला टाकली. माणूस घाईत असतो, निळा रंग दिसतो, चूक होते. असं मीच मला समजावलं.

कुरियातच्या पुढे समुद्राच्या बाजूने रस्ता सरळ जातो. डोंगर उजवीकडे, पाणी डावीकडे. त्या रस्त्यावर तिने गाडी उत्तम चालवली. हात स्थिर, वेग बेताचा. मागून येणारे भोंगे वाजवत पुढे जात होते, त्यांना ती त्यांच्या आई-बापासकट ओळखत असल्यासारखी नावं ठेवत होती. गाडी धुतलेली होती. समोरच्या काचेपुढे तिने नवा लोकरी रुमाल अंथरला होता. मला तेव्हा काही वाटलं नाही. फक्त एक झालं. तिने एकही पाटी वाचली नाही. फिन्सचा फाटा आला तेव्हा ती म्हणाली, "तू पाट्या वाच. तुझी चौथी कधी उपयोगाला येणार?" मी वाचलं. तिने वळवलं.

मी मनाशी ठरवलं, सांगायचं की ठीक चालवते. झालं.

दरवर्षीच्या जागी आम्ही पोचलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. पांढऱ्या गोट्यांचा किनारा आहे. एका टोकाला खडक, दुसरीकडे वाळू. मला तंबूत झोपायला आवडत नाही. पाठीला खडे टोचतात, सकाळी कानात वाळू असते, आणि परसाकडे जायचं तर अर्धा डोंगर चढावा लागतो. जन्मभर समुद्राकाठी काढला, पण आमच्याकडे कोणी मजा म्हणून किनाऱ्यावर झोपत नसे. ज्याला घर नाही तो झोपे. मी जाते ती ताज्या माशासाठी. दुकानातला मासा बर्फात इतके दिवस पडलेला असतो की त्याला स्वतःला आठवत नाही तो कुठचा.

शेजारी ऑफिसातली पाच-सहा माणसं आली होती. घडीच्या खुर्च्या, शेगडी, मोठ्याने गाणी. त्यातली एक मुलगी येऊन म्हणाली, "आंटी, सो क्यूट, एक फोटो?" मी काही बोलायच्या आत माझी मैत्रीण म्हणाली, "खलास! मासे पळतात. यल्ला, गाणं बंद." त्यांनी गाणं बंद केलं आणि अंधार व्हायच्या आत तंबू उचलून दुसरीकडे गेले. त्याचा आम्हाला दोघींना आनंद झाला. दिवसभरात आमचं एकमत झालं ते तेवढंच.

तिने चहा केला. पेला खाली ठेवला आणि किटलीतून चहा पेल्याच्या शेजारी, वाळूत ओतला. बराच ओतला.

"वारा आहे," ती म्हणाली.

वारा नव्हता. धूर सरळ वर जात होता. मी पेला उचलून किटलीखाली धरला.

"बघत काय बसलीस?"

"चहा ओततेस ते बघते."

"कधी बघितला नाहीस काय चहा ओतताना?"

संध्याकाळी गळ टाकले, काही लागलं नाही. गळ तिनेच बांधले. दोरी दातात धरून, बोटांच्या सवयीने, डोळे समुद्राकडे. ती नेहमीच तशी बांधते. तिच्या बापाने तिला अंधारात बांधायला शिकवलं होतं. तेव्हा त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मी आत जाऊन पडले. ती नमाज पढली आणि माझ्या शेजारी येऊन घोरायला लागली.

पहाटे मला जाग आली ती तिच्या शिव्यांनी. ती माझ्याआधी उठून पाण्याशी गेली होती.

"काय झालं?" मी आतूनच ओरडले.

"दोरी कापली गेली. खडक आहे मेला."

थोड्या वेळाने पुन्हा. "परत कापली!"

तिथे खडक नाही. आदल्या दिवशी मी तिथेच बसले होते, खाली नुसती वाळू आहे. वाळूत दोरी कापतो तो केंड. आमच्याकडे पोरंसुद्धा हे सांगतील. सशासारखे चार दात असतात त्याला, दोरी कात्रीने कापल्यासारखी तुटते. पोटात विष असतं. खाल्ला तर ओठ बधिर होतात, मग हात, मग श्वास. माझ्या लहानपणी वाडीतल्या एका घरातली दोन माणसं एका दुपारी गेली. त्या घराला पुढे केंडांचं घर म्हणू लागले, इतकं ते कोणी विसरलं नाही.

मी कूस बदलली आणि अजून थोडी झोपले. तिला काय केंड ठाऊक नाही? असं मनात म्हटलं.

उजाडताना मीही गेले. त्या दीड-दोन तासांत मासा असा लागला की बोलायला फुरसत झाली नाही. आमिषाला माकुल होतं, बरक्याहून तिने आणलेलं. शेरी लागली, दोन पालू, एक चांगला हातभर लांब करकरा. तिने माझ्याआधी काढलेले बादलीत होतेच. ऊन चढलं, मासा थांबला. आम्ही दोघी गुडघे धरून वर आलो आणि वाटे घालायला बसलो.

वाटे घालायची रीत आमच्याकडे आणि त्यांच्याकडे एकच आहे. होडीवरून आलं की एक जण माशांचे सारखे ढीग करतो. दुसरा पाठ करून उभा राहतो. ढीग करणारा एकेका ढिगावर हात ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा माणूस नाव घेतो. म्हणजे कोणता ढीग कोणाला जाणार हे ढीग करणाऱ्याला आधी कळत नाही, आणि नाव घेणाऱ्याला ढीग दिसत नाही. मग कोणाला तोंड वाजवायला जागा राहत नाही. एकदा बोललेलं फिरवायचं नाही. आम्ही दोघीच असतो, तरी आम्ही ही रीत मोडलेली नाही. आम्हा दोघींना एकमेकींचा तेवढा भरवसा नाही.

त्या दिवशी ढीग तिने केले. मी डोंगराकडे तोंड करून उभी राहिले.

"हा कोणाचा?"

"तुझा."

"आणि हा?"

"दोनच ढीग आहेत. तिसरी बाई आली आहे काय? माझा."

मी वळले. तिच्या ढिगात, दोन शेरींच्या मध्ये, केंड होता. वीतभर, पाठ हिरवट, पोट पांढरंफटक, चार दात उघडे.

माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती सांगते. मला वाटलं, हिने मला मारायला घातला. आदल्या दिवसापासून आम्ही भांडत होतो, आणि माणूस काय करील सांगता येत नाही. पण पुढच्याच क्षणी कळलं की ते होऊच शकत नाही. कोणता ढीग मी कोणाला देणार हे तिला माहीत नव्हतं. तो तिला गेला तसा मलाही आला असता. रीत त्यासाठीच आहे. मग एकच गोष्ट राहिली. तिने तो पाहिलाच नव्हता.

ती खाली वाकून आपले मासे पिशवीत भरत होती. केंड तिच्या हातात आला.

"थांब," मी म्हटलं. "हातात काय आहे तुझ्या?"

"शेरी. का, तुझ्यापेक्षा मोठी आहे म्हणून पोटात दुखतंय?"

"तोंड बघ त्याचं."

तिने तो डोळ्यांजवळ आणला. खूप जवळ. मग अंगठा फिरवला. साखरेच्या आजाराने तिची बोटं बधिर झालेली आहेत हे मला माहीत होतं. गेल्या वर्षी तव्याला बोट लागून फोड आला आणि तिला तो दुसऱ्या दिवशी सापडला. मी तिचा अंगठा धरला आणि त्याच्या दातांवर दाबला. मग तिला कळलं. मासा तिने फेकला नाही. हळूच खाली ठेवला, जणू तो अजून जिवंत होता.

"अंधारात काढला होता," ती म्हणाली. "घाई होती."

"आता नऊ वाजलेत. ऊन आहे. आत्ता धरला होतास तू तो."

तिने हात वाळूत पुसले.

"कोणाला वाढणार होतीस?"

"कापताना कळलं असतं."

"कोणाला वाढणार होतीस?"

"नातवंडांना," ती म्हणाली. "शेरीच खातात ती. काटा कमी."

मी खाली बसले.

"त्याने तुला काय विचारलंय ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "सून सांगते मला सगळं. पडद्याआडून ऐकते आणि मला सांगते. मोठी गुणाची आहे."

"माहीत होतं तर मला आणलंस कशाला?"

"तुलाच आणायचं होतं. तू कोणाचं मन राखायला बोलत नाहीस हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या लग्नात तू बिर्याणी खारट आहे म्हणून भर मंडपात सांगितलंस. तू गाडी नीट चालवते म्हणालीस की तो पुन्हा विचारणार नाही. दुसरी कोणी म्हणाली तर विचारील."

"म्हणजे माझं तोंड वापरायला आणलंस."

"एवढ्या वर्षांत कधी काही मागितलं का तुझ्याकडे?"

नव्हतं मागितलं. मीच तिच्या गाडीत फुकट बसत होते.

"म्हणून गाडी धुतलीस. रुमाल अंथरलास."

"नवरीसारखी सजवली," ती म्हणाली. "तुला दाखवायला. रस्ता पाठ आहे मला. बरका ते कुरुम मी डोळे बांधून जाईन. कुठे गतिरोधक, कुठे सिग्नल, सगळं पाठ."

"रस्त्यावरची माणसं पाठ आहेत काय?"

"मी कोणाला मारलं काय आजवर?"

"केंड पण अजून कोणी खाल्ला नव्हता."

मग ती बोलली ते मला अजून आठवतं. आवाज चढवला नाही. "मी चालवायची थांबले की तू त्या चौथ्या मजल्यावर कुजशील. तुझी पोरं तुला शुक्रवारी बरक्याला आणणार नाहीत. त्यांना बाजाराचा वास येतो. माझं ऐकू नको, तुझा विचार कर."

"कुजेन," मी म्हटलं.

तिला वाटलं मी मानलं. ती उठली आणि तंबूच्या काठ्या काढायला लागली. किल्ली ती साखरेच्या डब्यात ठेवते, वाळूत पडू नये म्हणून. मी डबा उघडला, किल्ली काढली आणि चोळीत घातली. मग तिच्या मुलाला फोन लावला. ती सगळं ऐकत होती, मी लपूनछपून काही केलं नाही.

"ये," मी त्याला म्हटलं. "फिन्सच्या खाली, दरवर्षीची जागा. तू तुझी गाडी चालवशील, तेव्हा अम्मीची गाडी आणायला अजून एक माणूस घे."

"ठोकली काय?" तो घाबरला.

"नाही. ठोकायच्या आधी ये."

त्याला यायला तीन तास लागले. एवढे लांब तीन तास मी अरबाबाच्या घरी ईदच्या स्वयंपाकातही काढले नाहीत. तिने आधी किल्ली मागितली. मग शिव्या दिल्या. माझ्या नवऱ्याला, जो तिने कधी पाहिलेला नाही. माझ्या गावाला. माझ्या चौथीला. मी तंबूच्या काठ्या बांधत राहिले, ते तिला जास्त लागलं. मग ती गाडीत जाऊन चालवायच्या जागेवर बसली. दार लावून घेतलं. आत भट्टी झाली असणार. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून ती समोर समुद्राकडे बघत होती, म्हणजे समुद्र जिथे आहे तिकडे तोंड करून बसली होती. मी जाऊन दार उघडलं. तिने लावलं. मी पुन्हा उघडलं आणि मध्ये दगड ठेवला. पाण्याची बाटली तिच्या मांडीवर टाकली. तिने ती प्यायली, पण माझ्याकडे बघून नाही.

मासे उन्हात तसेच पडले होते. मी त्यांच्यावर बर्फ टाकला. केंड उचलून लांब नेला आणि वाळूत हातभर खोल पुरला, मांजरकुत्र्यानेसुद्धा उकरू नये म्हणून.

दुपार झाली तेव्हा ती गाडीतून उतरली.

"वाटे परत घाल," ती म्हणाली. "केंड असलेला वाटा धरत नाहीत."

असा काही नियम मी ऐकलेला नाही. पण मी ढीग पुन्हा मिसळले आणि दोन सारखे केले. खरोखर सारखे केले. एक पालू इकडे, एक तिकडे. करकऱ्याच्या बदल्यात दोन शेरी जास्त. ती पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. पदर डोक्यावर घट्ट ओढलेला.

मी पहिल्या ढिगावर हात ठेवला. "हा कोणाचा?"

"तुझा."

"आणि हा?"

"तुझा."

"असं नसतं."

"आहे. बोललेलं फिरत नाही. तुला सगळं ठाऊक आहे ना? घे सगळं."

"घरी काय घेऊन जाशील?"

"मुलाला सांगेन, वाटेत अंडी घे."

मी दोन्ही ढीग माझ्या डब्यात भरले.

तिचा मुलगा आला. त्याने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आपल्या गाडीचं मागचं दार उघडलं. ती त्याच्या गाडीत मागे जाऊन बसली. त्याने दुकानातला एक माणूस आणला होता, त्याच्या हातात मी किल्ली दिली आणि तिच्या गाडीत बसून परत आले. लोकरी रुमाल समोरच होता. त्या माणसाने सगळ्या पाट्या बघून गाडी चालवली. कुरुमला त्याने मला माझ्या दारात सोडलं.

मासे मी चार दिवस खाल्ले. पहिल्या रात्री करकऱ्याची आमटी केली, मग शेरी तळली, पालूचं सुकं. मासा चांगला होता. सून नाकाला ओढणी लावून म्हणाली, "एवढे? मैत्रिणीला नाही दिले?" मी म्हटलं, तिला नको होते.

गाडी त्याच आठवड्यात गेली. नंतर तिच्या मुलाने एकदा फोन केला. डॉक्टरने सांगितलं होतं, साखर डोळ्यांत उतरली आहे, एक डोळा जवळजवळ गेला आहे, दुसरा राहील तेवढा राहील. तो म्हणाला, "तुम्ही बरं केलंत, खाला." मी म्हटलं, मला शाबासकी देऊ नको. फाटक घासलं तेव्हाच तिला उचलून न्यायला हवं होतंस. आणि गेल्या वर्षी बोट भाजलं तेव्हा मी बोलायला हवं होतं.

शुक्रवारी आता मी कुठे जात नाही. मुलगा मॉलमधून मासा आणतो, कापून, धुऊन, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. डोकं नसतं, म्हणून डोळे बघता येत नाहीत, आणि डोळे बघितल्याशिवाय मासा कसा ओळखायचा ते मला कोणी शिकवलेलं नाही. तिने सांगितलं होतं तसंच झालं आहे. ती त्याबद्दल चुकली नाही.

तिने फोन केलेला नाही. मीही केला नाही. केला तर ती पहिल्यांदा विचारणार, कुजतेस ना तिथे? आणि मी म्हणणार, कुजते.